मठाचा झाला राजवाडा



बुधवार पेठेंत जन्म काढलेल्या माणसाला वास्तूंचें नशीब पालटतें हें निराळें सांगावें लागत नाहीं. दुसऱ्या बाजीरावानें बांधलेला बुधवार वाडा पेशवाई बुडाल्यावर सरकारी कामासाठीं वापरला जाऊं लागला, आणि १८७९ च्या मे महिन्यांत तो आगींत जळून गेला. विश्रामबागवाड्यांत पेशवे गेल्यावर अवघ्या तीन वर्षांनीं, १८२१ सालीं, संस्कृत पाठशाळा भरूं लागली. गणेशखिंडींतील गव्हर्नरांचा प्रासाद १९४९ पासून विद्यापीठाचा झाला. राजाचें घर विद्येच्या वाट्याला आलें तर आपल्याला तें योग्यच वाटतें. त्यांत काळाचा न्याय दिसतो.

आज मला सांगावयाचा आहे तो ह्याच्या उलट प्रकार. संन्याशांनीं ईश्वरचिंतनासाठीं बांधलेला मठ राज्यकर्त्यानें ताब्यांत घ्यावा आणि त्याचा आपल्यासाठीं वाडा किंवा गढी करावी, असें जगांत अनेकदां घडलें आहे. आपल्या किनाऱ्यावर तें दोन ठिकाणीं घडलें: गोव्यास काबो येथें आणि मुंबईस परळ येथें. परळच्या वास्तूची हकीकत तर अशी आहे कीं तिचा शेवटचा अध्याय पुणेकरांच्या घराघरांतल्या दुःखाशीं येऊन भिडतो.

प्रथम एक प्रश्न सोडवूं. राज्यकर्त्यांना राहण्यासाठीं मठच कां सोईचा वाटावा? ख्रिस्ती मठाचा नकाशा डोळ्यांपुढें आणणें आपल्याला जड नाहीं. मध्यें मोकळा चौक; चौकाच्या चहूं बाजूंनीं, आपल्या देवळाभोंवतीं ओवऱ्या असतात तशी, छपराखालून फिरण्याची पडवी; पडवीला लागून भोजनशाळा, मुदपाकखाना आणि कोठार; वरच्या मजल्यावर संन्याशांच्या खोल्या. एका अंगाला प्रार्थनामंदिर. थंड देशांत तें बहुधा चौकाच्या उत्तरेस असे, म्हणजे त्याच्या उंच भिंतींची सावली चौकावर पडत नसे. सर्वांभोंवतीं आवाराची भिंत, आणि भिंतीला एकच मोठा दरवाजा. आतां ह्याच्या शेजारीं आपल्या सरदारी वाड्याचा नकाशा ठेवा. देवडी, चौक, चौसोपी, कोठीची खोली, आड, परसू. दोहोंत फरक किती थोडा आहे! शाळेंत इतिहास शिकवितांना मी मुलांकडून हे दोन्ही नकाशे फळ्यावर काढवून घेत असें, आणि कोणता मठाचा व कोणता वाड्याचा हें मागच्या बांकावरून ओळखण्यास सांगत असें. एक खूण सोडली तर तें ओळखतां येत नसे.

ती खूण म्हणजे प्रार्थनामंदिर. संन्याशाच्या खोलींत कारकून राहूं शकतो, भोजनशाळेंत सरदार जेवूं शकतो. परंतु लांबच लांब, मध्यें मजला नसलेली, छताशीं कमान घेतलेली ती उंच वास्तु राहत्या घरांत कोणत्या कामाची? पाडावी तर दगडी भिंती सहजीं पडत नाहींत, आणि ठेवावी तर तींत पूर्वी देव होता ही गोष्ट मनांतून जात नाहीं. मठाचा वाडा करणाऱ्या प्रत्येकाला ह्या ठिकाणीं थांबून विचार करावा लागला आहे. त्यानें काय केलें ह्यावरून तो माणूस कसा होता हें पुष्कळ कळतें.

इंग्लंडांत हा प्रसंग एकदम शेंकडों ठिकाणीं आला. आठव्या हेन्री राजानें रोमच्या पोपशीं नातें तोडलें, आणि १५३६ ते १५४० ह्या चार-पांच वर्षांत आपल्या राज्यांतील आठशेंहून अधिक मठ बंद करून त्यांच्या जमिनी व इमारती खालसा केल्या. ही मालमत्ता दरबारी मंडळींनीं घेतली. हॅम्पशर परगण्यांतील टिचफील्डचा मठ १२३२ सालीं स्थापन झाला होता. तो १५३७ मध्यें राजाचा चिटणीस टॉमस रायथ्स्ली ह्याच्या पदरांत पडला. त्यानें मठाच्या चौकाचा आपल्या घरासाठीं चौक केला, भोजनशाळेचा दिवाणखाना केला, आणि देवळाच्या ऐन मधोमध आरपार मार्ग पाडून तेथें चार अष्टकोनी बुरुजांचा दरवाजा उभारला. बुरुजांना वर कंगोरे. जेथें शतकानुशतकें भजन झालें तेथून घोडे आणि गाड्या येऊं-जाऊं लागल्या. तोफांच्या त्या काळांत असले बुरूज लढाईच्या कितपत उपयोगीं होते ही शंकाच आहे. नव्यानें सरदार झालेल्या गृहस्थाला आपलें घराणें जुनें आहे असें रस्त्यावरून जाणाऱ्याला भासवावयाचें असावें. आपल्याकडेहि एखाद्या वतनदाराच्या गढीचे बुरूज शत्रूपेक्षां भाऊबंदांना दाखविण्यासाठींच अधिक असत. रायथ्स्लीचा नातू म्हणजे शेक्सपिअर कवीचा आश्रयदाता साउदॅम्प्टनचा अर्ल. तो ह्याच घराचा धनी होता. आज राहतें घर गेलें आहे, आणि देवळाच्या भिंतींत घुसविलेला तो दरवाजा तेवढा छप्पराविना उभा आहे.

विल्टशर परगण्यांत लेकॉक म्हणून जोगिणींचा मठ होता. तो विकत घेणाऱ्या विल्यम शॅरिंग्टननें दुसरा मार्ग धरला. त्यानें देऊळ साफ पाडलें आणि पडव्यांचा चौक मात्र जसाच्या तसा राखला. त्या घरांत पुढें टॅलबट नांवाचा विद्वान राहिला, आणि त्यानें १८३५ सालीं तेथल्याच एका खिडकीचें छायाचित्र घेतलें. छायाचित्रणाच्या इतिहासांत जुन्यांतलें जुनें शिल्लक राहिलेलें जें प्रतिचित्र, तें हें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. गोव्यांत मांडवी आणि जुवारी ह्या दोन नद्या जेथें समुद्राला मिळतात, त्या दोन मुखांच्या मध्यें जमिनीचें एक टोंक समुद्रांत शिरलें आहे. त्यालाच काबो, म्हणजे भूशिर, म्हणतात. ह्या टोंकावर उभें राहिल्यास उत्तरेस मांडवीपलीकडे आग्वाद व दक्षिणेस जुवारीपलीकडे मुरगांव असे दोन किल्ले. गोव्याच्या बंदरांत शिरूं पाहणारें जहाज ह्या तिहींच्या नजरेंतून सुटत नसे. सोळाव्या शतकांतच पोर्तुगीजांनीं येथें तटबंदी केली, आणि १५४१ च्या सुमारास एस्तेव्हाँव द गामा गव्हर्नर असतां भूशिराच्या मातेचें प्रार्थनामंदिर बांधलें. समुद्रावरून येणाऱ्या खलाशांना तें दुरून दिसे. १५९४ सालीं त्याला लागून फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ उभा राहिला. म्हणजे येथें मठाची गढी करण्याची गरज पडली नाहीं. मठ गढीच्याच कुशींत जन्मला होता. खालीं तोफा आणि वर घंटा असा हा संसार दोनशें वर्षांहून अधिक चालला.

मध्यंतरीं एक चमत्कारिक प्रसंग आला. नेपोलियनच्या धास्तीनें इंग्रजांनीं १७९९ पासून १८१३ पर्यंत आपल्या पलटणी मित्रराष्ट्र म्हणून गोव्यांत आणून ठेवल्या, आणि काबोच्या माऱ्याच्या जागीं त्यांचा तळ पडला. जवळच दोना पावल येथें त्यांच्या मृतांची दफनभूमि अजून आहे. त्यानंतर १८३४ सालीं खुद्द पोर्तुगालांत धार्मिक संघ बंद करण्याचा हुकूम निघाला व पुढल्या वर्षीं तो गोव्यांत लागू झाला. मठ एकाएकीं ओस पडले. ओस पडलेल्या वास्तूचें काय होतें हें पाहावयाचें असेल तर जुन्या गोव्यांत सेंट ऑगस्टिनच्या मठाकडे पाहावें. १८४२ सालीं त्याच्या देवळाची कमान कोसळली, १९३१ मध्यें दर्शनी भाग पडला, आणि आतां मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा आकाशांत उभा आहे. काबोला हें मरण आलें नाहीं, कारण त्याला नवा धनी मिळाला. कांहीं काळ आर्चबिशप तेथें राहिले. १८६६ पासून तो मठ गव्हर्नर-जनरलांच्या उन्हाळी मुक्कामाचें घर झाला, आणि १९१८ पासून कायमचें निवासस्थान. १९६१ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज सत्ता गेली. त्यानंतर भारत सरकारच्या वतीनें गोव्याचा कारभार पाहणारे, व १९८७ मध्यें गोवा घटक राज्य झाल्यापासून त्याचे राज्यपाल, येथेंच राहत आले आहेत.

आणि प्रार्थनामंदिर? तें प्रार्थनामंदिरच राहिलें. संन्याशांच्या खोल्यांचीं दालनें झालीं, मठाच्या पडवींत पाहुण्यांच्या खुर्च्या आल्या, परंतु देवाच्या जागेला कोणी हात लावला नाहीं. भूशिराच्या मातेचा सण १५ ऑगस्टला पडतो, आणि त्या दिवशीं आजहि भाविक राज्यपालांच्या आवारांत प्रार्थनेला जातात. संन्याशांना घालविणारें सरकार आणि हा राजवाडा करणारे अंमलदार दोघेहि त्याच पंथाचे होते, म्हणून हें सोपें गेलें असें कोणी म्हणेल. तें खरेंच आहे. परंतु १९६१ नंतर आलेल्यांना तें बंधन नव्हतें, तरी त्यांनींहि ती रीत मोडली नाहीं, हें मला विशेष वाटतें.

येथें कोणी विचारील कीं मग आमच्या लोकांनीं काय केलें? चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तेव्हां किल्ल्याच्या आंत निरनिराळ्या संघांचे मठ उभे होते. त्यांचे राजवाडे झाले नाहींत. त्यांच्या छप्पर नसलेल्या भिंती व कमानी आजहि वसईस गेलेल्या प्रवाशाला दिसतात.

परळची कथा ह्याहून वांकडी आहे. मुंबई बेट पोर्तुगीजांच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालें, तो विवाहाचा तह १६६१ चा. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्यें आला, आणि १६६८ सालीं राजानें तें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. बेट इंग्रजांचें झालें तरी बेटावरच्या नारळीच्या बागा, भातशेतें आणि देवळें पोर्तुगीज धर्मसंघांकडेच होतीं, आणि त्यांत जेझुइट संघ सर्वांत धनवान. १६७३ मध्यें मुंबईस आलेल्या फ्रायर नांवाच्या इंग्रज वैद्यानें परळ येथील त्यांच्या देवळाचा व मालमत्तेचा उल्लेख केला आहे.

इंग्रजांना ही शेजारीण खुपत होती. १६८९ मध्यें जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानें मुंबईवर स्वारी करून इंग्रजांना किल्ल्यांत कोंडलें, तेव्हां ह्या साधूंनीं शत्रूला मदत केली असा त्यांनीं आरोप ठेवला. तो कितपत खरा आणि त्यांत जमिनीचा लोभ किती, हें आतां तोलणें कठीण. आरोप करणाराच पुढें त्या मालमत्तेचा धनी झाला एवढें ध्यानांत ठेवावें. १७१५ ते १७२२ पर्यंत चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर होता. त्यानें शहराभोंवतीं तट बांधविला, आणि त्याच्याच कारकीर्दींत परळची वास्तु साधूंच्या हातून सुटून सरकारकडे आली.

ह्या दोन गोष्टी एकमेकींशीं जोडून पाहाव्या असें मला वाटतें. तट बांधल्यामुळें शहर सुरक्षित झालें खरें, पण त्याबरोबर तें कोंडलेंहि गेलें. दाटी, धूर, दुर्गंधी आणि ताप ह्यांनीं तटाच्या आंतले लोक गांजून जात. साहेबाला शहराबाहेर मोकळी हवा हवी होती, आणि संन्याशांनीं परळास झाडी, तळें व वारा पाहून ती जागा आधींच हेरून ठेवली होती. परळच्या घराला बुरूज घालण्याची मात्र गरज पडली नाहीं. उत्तरेकडून येणारा शत्रु शीव, शिवडी, माहीम आणि वरळी येथल्या किल्ल्यांशींच अडावा अशी योजना होती. सबंध बेट हीच त्या घराची गढी होती. १७७१ मध्यें गव्हर्नर झालेला विल्यम हॉर्नबी हा येथें राहावयास आलेला पहिला गव्हर्नर. पुढें माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें इमारतीला दोन बाजूंनीं नवीं दालनें जोडलीं. हा एल्फिन्स्टन आपल्याला अपरिचित नाहीं. खडकीच्या लढाईच्या दिवशीं, १८१७ च्या नोव्हेंबरांत, ज्याचा संगमावरचा बंगला जळाला तोच हा.

आणि परळच्या प्रार्थनामंदिराचें काय झालें? इंग्रजांनीं तें पाडलें नाहीं आणि राखलेंहि नाहीं. त्याच्या उंचीच्या मध्यावर तक्तपोशी टाकून त्यांनीं त्याचे दोन मजले केले. खालीं भोजनाचा दिवाणखाना, वर नृत्याचा. कलकत्त्याचे बिशप हेबर १८२५ सालीं येथें एल्फिन्स्टनचे पाहुणे होते. एकावर एक असलेलीं, सुमारें पाऊणशें ते ऐंशीं फूट लांबीचीं हीं दोन दालनें त्यांनीं वर्णन केलीं आहेत, आणि खालच्या दालनांत पूर्वी देऊळ होतें हेंहि नमूद केलें आहे. ख्रिस्ती धर्माधिकारी जुन्या ख्रिस्ती देवळांत बसून जेवले! पण त्यांच्या पंथाच्या दृष्टीनें तें परक्यांचें देऊळ होतें. मला ह्यांत द्वेष दिसत नाहीं, बेपर्वाई दिसते. द्वेष करणारा पाडतो. ज्याला त्या जागेचें कांहींच वाटत नाहीं तो तक्तपोशी टाकून मेजें मांडतो.

परळ भागाचें जुनेपण मात्र ह्या मठाहूनहि मागें जातें. १९३१ सालीं रस्त्याचें काम चालू असतां परळच्या भूमींतून शंकराची सात आकृतींची, दहा फुटांहून उंच अशी एकसंध शिळा निघाली. जाणते तिचा काळ इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांत धरतात. बारादेवीच्या देवळांत ती आहे. ज्यांना मुंबई म्हणजे केवळ गिरण्यांचें गांव वाटतें त्यांनीं ती एकदां पाहून यावी.

गिरण्यांचें नांव निघालें तें बरें झालें, कारण ह्या राजवाड्याला त्यांनींच ग्रासलें. १८७५ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडचे युवराज मुंबईस आले तेव्हां ते परळलाच उतरले. तोपर्यंत तेथला थाट कायम होता. पण खाड्या बुजवून बेट सलग झालें होतें, आगगाडी आली होती, आणि नारळीच्या बागांच्या जागीं धुराडीं व चाळी उभ्या राहत होत्या. संन्याशांनीं ज्या हवेसाठीं ही जागा निवडली ती हवाच उरली नाहीं. १८८२ सालीं सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी पटकीनें मरण पावल्या. पुण्यांतील फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नांवानें आहे तेच हे गव्हर्नर. गव्हर्नराच्या घराचे पहारे पटकीला अडवूं शकले नाहींत. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईच्या गव्हर्नरांनीं परळ सोडलें व मलबार टेंकडीच्या टोंकावर समुद्राकांठीं बिऱ्हाड नेलें. शंभर वर्षांहून अधिक काळ राजवाडा म्हणून नांदलेला तो मठ दुसऱ्यांदा ओस पडला.

ह्यापुढची गोष्ट पुण्यांतील जुन्या घरांना सांगावयास नको. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत गांठीचा ताप उघड झाला आणि लवकरच तो पुण्यास आला. १८९७ सालीं ह्याच शहरांत घरझडत्या झाल्या. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडींतील गव्हर्नरांच्या प्रासादांतून परततांना रँडवर गोळी झाडली गेली. ह्या सर्व काळांत मुंबईंत एक रशियन-ज्यू शास्त्रज्ञ लस तयार करीत होता. वॉल्डेमार हाफकिन हा १८६० सालीं ओडेसांत जन्मला आणि पॅरिसला पाश्चरच्या संस्थेंत काम करून हिंदुस्थानांत आला. विशेष हें कीं त्यानें पहिली लस केली ती पटकीवर. कलकत्त्यांत ती टोंचून त्यानें तिचा अनुभवहि घेतला होता. प्लेगचें काम त्यानें ग्रँट मेडिकल कॉलेजांतल्या अपुऱ्या जागेंत सुरू केलें, आणि १८९७ च्या १० जानेवारीस नवी लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली. मागणी वाढत गेली. जागा पुरेना. शेवटीं १८९९ च्या ऑगस्टांत गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांच्या हस्तें परळच्या रिकाम्या राजवाड्यांत प्लेग-संशोधनाची प्रयोगशाळा उघडली गेली. जेथें गव्हर्नराच्या पत्नीला पटकीनें नेलें त्याच छपराखालीं पटकीवर लस शोधणारा मनुष्य काम करूं लागला.

तेथेंहि सगळें सुरळीत झालें नाहीं. १९०२ सालीं पंजाबांत मलकोवाल येथें परळहून गेलेल्या लसीच्या एका बाटलींतून टोंचलेले १९ लोक धनुर्वातानें मेले. दोष प्रयोगशाळेचा, म्हणजे हाफकिनचा, असें ठरवून त्याला कामावरून दूर केलें. बाटली उघडतांना गावांतच ती दूषित झाली असावी असें पुढें जाणत्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, आणि १९०७ मध्यें तो दोषमुक्त ठरला. पण पहिली जागा त्याला परत मिळाली नाहीं. मठांतून साधूंना ज्या आरोपावरून घालविलें त्याचा निवाडा कधीं झाला नाहीं. ह्या मनुष्याचा झाला, तो मात्र पांच वर्षांनीं.

प्रयोगशाळेचें काम चालूच राहिलें. प्लेगपुरतेंच न राहतां ती इतर रोगांच्या लशी व सर्पविषावरील औषधें ह्यांकडेहि वळली, आणि १९०६ सालीं तिचें नांव मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असें झालें. १९३२ मध्यें साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. १९७५ सालीं लशी तयार करण्याचें काम वेगळ्या महामंडळाकडे देण्यांत आलें. तत्पूर्वी, १९२५ सालीं, परळच्या ह्या संस्थेला हाफकिनचें नांव देण्यांत आलें. तो तेव्हां हयात होता आणि दूर युरोपांत राहत होता. संस्था आजहि त्याच आवारांत आहे.